नगरपरिषदेच्या चिन्हात आपलं काय?

हा प्रश्न आपल्या बैठकांत अधूनमधून निघतो. विचारणारी मुलं-मुली कधी पुसद-दिग्रसची असतात, कधी वणी-उमरखेडची, कधी खुद्द यवतमाळची. घरपट्टीच्या पावतीवर, पाण्याच्या टाकीवर, घंटागाडीवर, स्वागत कमानीवर गावाचं म्हणून एखादं चिन्ह असतं. महाराष्ट्रभर फिरलं तर कुठे कळस दिसतो, कुठे कमळ, कुठे किल्ला, कुठे उगवता सूर्य, आणि खाली एखादं संस्कृत वचन. विचारणाऱ्यांच्या आवाजात राग असतोच असं नाही. बहुतेकदा एक सवयीचा कंटाळा असतो: हे त्यांचं आहे, आपण घरपट्टी भरायची आणि गप्प बसायचं. काही जण मात्र पुढे जाऊन म्हणतात, एवढी आपली वस्ती आहे, तर चिन्हात एक चंद्रकोर, एखादा मिनार का नसावा?

मला या दोन्ही गोष्टी पटत नाहीत. सोडून देणंही नाही आणि वाटा मागणंही नाही. का, ते सांगायचं तर अकोला जिल्ह्यातल्या पातूरपासून सुरुवात करावी लागेल. चिन्ह काय आणि पाटी काय, दोन्ही गावाचा चेहराच, आणि पातूरच्या पाटीचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊन आला आहे.

पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवर वर मराठीत आणि खाली उर्दूत नाव लिहिलेलं. एका माजी नगरसेविकेनं हरकत घेतली की कारभाराची भाषा मराठी असताना उर्दू पाटीवर नको. नगरपरिषदेनं 2020 मध्ये बहुमतानं ही हरकत फेटाळली. 1956 पासून इथे उर्दू वापरात आहे, असं कारण दिलं. (1956 म्हणजे विदर्भ मुंबई राज्यात आला ते साल.) मग प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं, विभागीय आयुक्तांकडे गेलं, नागपूर खंडपीठात गेलं. दरम्यान 2022 मध्ये स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेचा नवा कायदा आला, त्याचाही आधार घेतला गेला. शेवटी 15 एप्रिल 2025 रोजी न्यायमूर्ती सुधांशु धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांच्या खंडपीठानं निकाल दिला की मराठीच्या जोडीला उर्दू वापरायला कायद्यात मनाई नाही, पाटी राहील.

त्या दिवशी आपल्यातल्या कितीतरी जणांच्या स्टेटसवर निकालाचे तुकडे होते. आनंद होणं साहजिक आहे. पण आपण निकालाचा अर्धाच भाग वाटला असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. न्यायालयानं म्हटलं की भाषा म्हणजे धर्म नव्हे. भाषा लोकांची असते, भागाची असते. उर्दू याच मातीत जन्मली, ती परकी नाही. यातला 'उर्दू परकी नाही' हा भाग आपण उचलला. 'भाषा म्हणजे धर्म नव्हे' हा भाग मात्र आपल्यावरही तितकाच लागू होतो, तो मोबाईलमध्ये पुढे ढकलला गेला नाही. उर्दू इस्लामची नसेल तर मराठीही हिंदूंची नाही. घरात वऱ्हाडी बोलायची, बाजारात वऱ्हाडीत भाव करायचा, आणि मुलानं मराठी माध्यमात नाव घालतो म्हटलं की 'आपली ज़बान जाईल' म्हणून रडायचं, हे पातूरच्या निकालात बसत नाही. आपलं हे नियतकालिक दोन भाषांत निघतं, ते एकीत धर्म आणि दुसरीत राज्यघटना छापायची म्हणून नव्हे.

आता गंमत बघा. ज्या न्यायालयानं पातूरची उर्दू पाटी राखली, त्याच्या बोधचिन्हाखाली महाभारताच्या परंपरेतलं एक संस्कृत वचन आहे: जिथे धर्म, तिथे जय, अशा अर्थाचं. मुंबई महानगरपालिकेच्या चिन्हावरही तेच वचन आहे. 'धर्म' हा शब्द दिसला की आपल्यातला एखादा लगेच ओळखीचा निष्कर्ष काढतो. पण न्यायालयात त्या शब्दाचा अर्थ न्याय असाच घ्यावा लागतो, नाही तर त्या इमारतीला अर्थ उरत नाही; आणि तो तसा घेतला गेला म्हणून पातूरची पाटी आज जागेवर आहे. चिन्हावर काय लिहिलंय हे जितकं महत्त्वाचं, तितकंच त्या चिन्हाखाली बसून लोक काय करतात हेही.

महाराष्ट्र शासनाची राजमुद्रा तर आणखी जवळची आहे. तिच्यावरचा मजकूर शिवाजी महाराजांच्या मुद्रेच्या धर्तीवर रचलेला आहे, आणि त्यातली उपमा कसली आहे? प्रतिपदेच्या चंद्रकोरीची! रोज वाढत जाणारी ती कोवळी कोर. रमजान संपताना गच्चीवर चढून ज्या कोरीसाठी आपण डोळे ताणतो ती आणि ही काही वेगळी नाही. महाराजांचे वडील शहाजीराजे आणि आई जिजाऊ यांच्या मुद्रा फारसीत होत्या. मुलाची संस्कृतात आली. ती बदलण्यामागे मोठं राजकीय भान होतं, ते नाकारायचं कारण नाही. पण भाषा बदलली तरी त्या काळच्या पत्रांच्या शेवटी शब्द येत राहिला 'मोर्तब सूद', म्हणजे मुद्रा झाली, पत्र पुरं झालं. शिक्का हा शब्द अरबी, मोर्तब अरबी. आजचं वर्तमानपत्र 'प्रस्तावावर शिक्कामोर्तब' असा मथळा छापतं तेव्हा कोणाला परकं वाटत नाही. जिल्हा, तालुका, तहसील, महसूल, अर्ज, दाखला, मंजूर, नामंजूर… तहसील कचेरीच्या एका रांगेत उभं राहून जेवढे अरबी शब्द कानावर येतात तेवढे मदरशाच्या वर्गाबाहेर क्वचितच येत असतील.

आणि यवतमाळ? जुन्या इंग्रजी गॅझेटिअरनं दिलेली व्युत्पत्ती अशी की गावाचं मूळ नाव येवता आणि पुढचं 'माळ' म्हणजे महाल, परगण्याचं मुख्य ठिकाण. आईन-इ-अकबरीत हा परगणा 'योत-लोहारा' म्हणून येतो. लोहारा आजही यवतमाळला लागूनच आहे. म्हणजे या व्युत्पत्तीप्रमाणे नावाचा एक पाय मराठी आणि दुसरा अरबी. याच यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी आपली शकुंतला, कापूस वाहण्यासाठी इंग्रजांच्या काळात घातलेली अरुंद रुळांची गाडी, महालातून निघायची आणि मुर्तजाच्या नावाच्या गावाला पोचायची. डब्यात बसलेल्या कोणालाही त्याचं काही वाटत नव्हतं, आणि तेच बरं होतं.

इथवर वाचून तुम्हाला छान वाटलं असेल. आपलंही इथे बरंच काही आहे, असं. मला आता त्या सुखाबद्दल थोडं बोलायचं आहे.

वऱ्हाडात आपल्या अभिमानाची दोन ठिकाणं ठरलेली आहेत, नरनाळा आणि गाविलगड. दोन्ही किल्ल्यांवर फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क याची छाप आहे. हा वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक. बहमनी राज्य मोडलं तेव्हा 1490 मध्ये तो स्वतंत्र झाला आणि त्याच्या घराण्यानं 1574 पर्यंत राज्य केलं. फरिश्ता सांगतो की हा मूळचा कानडी मुलुखातला हिंदू मुलगा. विजयनगरवरच्या स्वारीत पकडला गेला, मुसलमान म्हणून वाढला, आणि पुढे वऱ्हाडचा सुभेदार झाला.

नरनाळ्याचा महाकाली दरवाजा त्यानं 1487 मध्ये बांधवला. त्यावर कुराणातल्या आयती आहेत, बहमनी सुलतानाचं नाव आहे आणि दगडात फुललेली कमळं आहेत. दरवाजाचं नाव लोकांनी महाकाली ठेवलं. गाविलगडावर तर याहून नवल आहे. तिथल्या मोठ्या दरवाजावर गंडभेरुंड कोरलेला आहे. गंडभेरुंड म्हणजे दोन तोंडांचा पुराणातला पक्षी. त्याच्या तावडीत हत्ती. जोडीला शार्दूल, म्हणजे सिंहासारखे प्राणी, त्यांच्याही पंजाखाली हत्ती. गंडभेरुंड विजयनगरच्या नाण्यांवरही आढळतो. हत्तीवर स्वार झालेला सिंह हे चांद्याच्या गोंड राजांचं चिन्ह, चंद्रपूरच्या परकोटाच्या वेशींवर ते अजून दिसतं. म्हणजे एका मुसलमान सत्ताधाऱ्याच्या किल्ल्याच्या दारावर कानडी पक्षी आणि गोंडी सिंह बसलेले, त्याला कोणाचा फतवा आडवा आला नाही. बालपणी सुटलेल्या मुलखाची खूण त्यानं मुद्दाम आणली, असं काही अभ्यासक म्हणतात. तसं असेल तर मला तो माणूस आवडतो.

चिन्ह कोणाच्या धर्माचं आहे हे विचारून पुढे जाता येत नाही, एवढं गाविलगड आपल्याला शिकवतो. कमळ पाहून भिण्याचं कारण नाही. आपल्याच पूर्वजांनी ते आयतींच्या शेजारी कोरलं. देशाच्या राजमुद्रेवरचे सिंह सारनाथच्या बौद्ध स्तंभावरून घेतले, ते 26 जानेवारी 1950 ला, तेव्हा या देशात बौद्ध किती होते? डोकी मोजून चिन्ह ठरवायचं असतं तर ते सिंह आले नसते.

चंद्रकोरीच्या मागणीचंही तसंच. इस्तंबूलचं नाव बायझँटियम होतं, इस्लामच्या कितीतरी आधी, तेव्हाच्या नाण्यांवर चंद्रकोर आणि तारा आहे. उस्मानी तुर्कांच्या निशाणावरून ती जगभर 'मुस्लिम' म्हणून ओळखली गेली. सौदी अरेबियाच्या झेंड्यावर ती नाही. कुराणात चंद्राच्या कोरींचा उल्लेख आहे तो लोकांना काळ आणि हजची वेळ समजावी म्हणून. जिला आपण आपली ओळख म्हणतो ती मुळात एक दिनदर्शिका आहे, आणि ती आधीच राज्याच्या मुद्रेत शब्दरूपानं बसलेली आहे. तिच्यासाठी नगरपरिषदेत भांडण काढायला मला तरी उत्साह वाटत नाही.

पण गाविलगडचा तो दरवाजा आणखी एकदा बघा, या वेळी पक्ष्याकडे नको, हत्तीकडे. पक्ष्याच्या नखांत अडकलेले हे हत्ती कोण? कोणीतरी हरलेले. राजांची चिन्हं अशीच असतात. एक जिंकणारा आणि त्याच्या पायाखाली दुसरा. मग तो राजा इमादशाह असो, विजयनगरचा असो की चांद्याचा गोंड असो. दरवाजासाठी डोंगरावर दगड चढवणारे त्या शिल्पात नाहीत. किल्ल्याखालच्या मेळघाटातला कोरकू नाही. आपण 'आपलं' शोधायला निघालो की पाय आपोआप सुलतानाच्या दरवाजाकडे वळतात. हा आपल्या अभिमानातला जुना दोष आहे, आणि आपल्या चळवळीनं तरी तो चालवून घेऊ नये.

युरोपात गावांना मानचिन्हं देण्याची प्रथा शेकडो वर्षांची आहे. ढालीच्या आकारात रंगवलेली ही चिन्हं आजही तिथल्या नगरपालिकांच्या कागदांवर असतात. त्यात आपल्यासारख्यांचं काय झालं ते कळून घेण्यासारखं आहे. इटलीतल्या सार्डिनिया बेटाच्या झेंड्यावर चार मूरांची मुंडकी आहेत; मूर म्हणजे त्यांच्या लेखी उत्तर आफ्रिकेचे, अंदलुसियाचे मुसलमान. स्पेनमधल्या अरागॉनच्या चिन्हावरही हीच चार मुंडकी, तीही लढाईत तोडलेली. हे गाविलगडच्या हत्तींचेच भाऊ, फक्त या वेळी हत्ती आपण आहोत.

जर्मनीतल्या कोबुर्ग शहराची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याच्या चिन्हात एका काळ्या माणसाचं डोकं आहे, पण ते तोडलेलं मुंडकं नव्हे. तो शहराचा संत, मॉरिस. परंपरेप्रमाणे इजिप्तकडून आलेल्या रोमन पलटणीतला ख्रिस्ती सरदार. 1934 मध्ये नाझींनी हे डोकं काढून टाकलं आणि जागी एक तलवार बसवली, मुठीवर स्वस्तिक. 1945 मध्ये नाझी गेले आणि मॉरिस परत आला. इथवर गोष्ट सुखान्त आहे. पण आज तिथेच अनेक जण विचारतात, हा संत आमच्या आदराचा असेल तर त्याचे ओठ असे जाडजूड, कानात बाळी, असं सोंगासारखं चित्र का? काळ्या माणसाला कधी जवळून न पाहिलेल्यांनी ते चित्र ठरवलं, म्हणून.

कोबुर्गनं मला आपल्या इथल्या 'सर्वधर्मसमभाव' चित्रांकडे नीट बघायला लावलं. शाळेच्या भिंतीवर चार मुलं हात धरून उभी: एक गांधी टोपी, एक पगडी, एक क्रॉस, आणि एक गोंड्याची लाल तुर्की टोपी घातलेला. यवतमाळ जिल्ह्यात ती लाल टोपी शेवटची कोणी घातली होती? माझ्या पाहण्यात कोणी नाही. चिन्हात मिनार मागितला तर असाच मिनार मिळेल, सराईत चित्रकारानं दोन मिनिटांत काढलेला, कुठल्याच मशिदीसारखा न दिसणारा. जागा मिळेल, पण चित्र दुसऱ्यानं काढलेलं असेल. आणि पुढच्या वर्षी दुसरा समाज येऊन आपली खूण मागेल, तिसरा येईल, आणि गावाचं चिन्ह म्हणजे ढाल नसून लग्नपत्रिकेवरची 'आपले विनीत' यादी होईल.

मग आपलं काय? माझं उत्तर कापसाचं बोंड.

यवतमाळ जिल्हा म्हटला की पहिल्यांदा कापूसच. त्याला पांढरं सोनं म्हणायची पद्धत आहे. ज्यांनी पऱ्हाटीत दिवस काढले ते हा शब्द सहसा वापरत नाहीत. याच कापसापायी जिल्ह्याचं नाव शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांतून जगभर गेलं. 2017 मध्ये फवारणीच्या विषानं इथे वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि कितीतरी दवाखान्यांत पडून राहिले. तेव्हा बोंड हे नुसतं शोभेचं चिन्ह नाही. कळस आणि मिनार यांच्याबद्दल भांडता येतं, बोंडाबद्दल मात्र आधी गप्प व्हावं लागतं. वेचणीला वाकलेल्या बाया त्यात आहेत: कुणबी, बंजारा, बौद्ध, गोंड, कोलाम, मुसलमान. सगळ्यांचे हात काट्यांनी सारखेच ओरखडलेले.

आणि त्या बोंडात आपले एक लोक फार आतपर्यंत आहेत, पिंजारी. नद्दाफ म्हणा, मन्सुरी म्हणा. सरकी काढलेला कापूस धनुष्यासारख्या पिंजणीवर पिंजून त्याचा धुरळ्यासारखा मऊ पोल करायचा आणि त्याच्या गाद्या-रजया भरायच्या, हा त्यांचा पिढीजात धंदा. पिंजणीची तात आतड्याची; तिच्यावर लाकडी ठोकळा मारला की जो टणत्कार उठायचा त्यावरून गल्लीला कळायचं की पिंजारी आला. यवतमाळच्या थंडीत कोणत्याही जातीची, कोणत्याही धर्माची माणसं ज्या रजईत झोपली ती याच हातांची. मन्सुरी हे नाव मन्सूर अल-हल्लाजवरून घेतलं जातं. 922 मध्ये बगदादला ज्याला त्याच्या बोलण्यासाठी देहदंड दिला गेला, तो सूफी. हल्लाज या शब्दाचा अर्थच कापूस पिंजणारा.

आता मला सांगा, आपल्या कुठल्या जलशात, कुठल्या कॅलेंडरवर, कुठल्या मुशायऱ्याच्या बॅनरवर तुम्ही पिंजण पाहिली? मिनार पाहिला, तलवार पाहिली, घोड्यावरचा सुलतान पाहिला. पिंजारी समाज राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहे, दाखल्यासाठी त्याच रांगेत उभा असतो, पण 'आमचा इतिहास' म्हणून छाती फुगवताना आपल्यातले शरीफ त्याची आठवण काढत नाहीत. लग्नं जुळवताना मात्र नक्की काढतात. नगरपरिषदेला 'चिन्हात आम्ही कुठे' असं विचारण्याआधी हा प्रश्न आपल्या मोहल्ल्यात विचारायला हवा. पिंजाऱ्याला आपल्या चित्रात जागा नसेल तर गावाच्या चित्रातली आपली जागा रिकामी राहिली म्हणून तक्रार कोणी करायची?

कोणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण उद्या एखाद्या गावानं खरंच एका धर्माचं चिन्ह सगळ्यांवर लादलं तर? पातूरसारखी उलटी मागणी आली तर? तर उभं राहायचं. पातूरच्या नगरपरिषदेनं ठराव केला म्हणून पुढची लढाई लढता आली. ठराव नसता तर न्यायालयापुढे ठेवायला काय होतं? पण उभं राहताना 'आमच्या समाजाच्या भावना' या वाक्यानं सुरुवात करू नये. गावाचं चिन्ह बदलायचं असेल किंवा नवं ठरवायचं असेल तर ते सर्वसाधारण सभेत यावं, गावाला दाखवावं, हरकती मागवाव्यात, हे सांगायला मुसलमान असावं लागत नाही. घरपट्टी भरणारा असलं की पुरतं.

आणि हे आत्तापासून करता येतं. माहितीच्या अधिकाराचा अर्ज आपल्या गावाच्या नगरपरिषदेत द्या. दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट लागतं, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज मराठीत लिहा. विचारा की सध्याचं चिन्ह कोणत्या ठरावानं, कोणत्या तारखेला मंजूर झालं. त्या सभेच्या कार्यवृत्ताची प्रत द्या. चिन्हाचा अर्थ सांगणारं टिपण असेल तर तेही द्या. काही ठिकाणी उत्तर येईल की असा ठराव आढळून येत नाही. मग चिन्ह आलं कुठून? बहुधा एखाद्या छापखान्यात कोणीतरी 'काहीतरी टाका' म्हटलं असेल आणि तेच गावाचा चेहरा होऊन बसलं असेल. अशा गावात नवं चिन्ह सुचवायला जागा आहे, आणि सुचवणाऱ्यांत आपली मुलं-मुली असावीत, वेचणीला जाणाऱ्या बायांची असावीत, कोलामांच्या पोडावरची असावीत.

त्या मुलांसाठी एक काम. बोंड सगळ्यांना काढता येतं. पिंजण काढायला घ्याल तेव्हा अडखळाल, कारण गादीवाल्यांकडे आता मशीन आहे आणि हातपिंजण बहुतेकांनी पाहिलेली नाही. मोहल्ल्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या पिंजारी चाचांकडे वही घेऊन बसा. धनुष्याची लांबी किती, तात कुठून आणायची, ती छताला टांगायची की हातात धरायची, ठोकळा कोणत्या लाकडाचा, ते विचारा आणि ते सांगतील तसंच काढा.